पंचवीस वॅटचा सांधा

हातातल्या सोल्डरिंग आयर्नच्या वॅटवरून माणसाची पारख करणारा गृहस्थ पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला, आणि तो आमच्या आत्याच्या वाट्याला आला. म्हैसुरात लष्कर मोहल्ल्यात आतोबांचं रेडिओ आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान होतं. भिंतीवरच्या खिळ्यांना तीन आयर्न टांगलेली असत: रेडिओच्या केसासारख्या तारांना पंचवीस वॅटचं, मधल्या कामांना साठाचं, आणि बॅटरीच्या बोटभर जाड वायरींना सव्वाशेचं. घराण्यातले कुणी पूर्वी म्हैसूरच्या घोडदळात होते, त्या अभिमानापोटी या तिसऱ्याचं नाव ‘सुभेदार’. सुभेदार तापायला एक अख्खी कॉफी लागे. गिऱ्हाईक घाई करू लागलं की आतोबा शांतपणे तंबलरमधून वाटीत आणि वाटीतून तंबलरमध्ये कॉफी ओतत बसत. “इरु अप्पा, थांब जरा. जाड वायर सगळी धग पिऊन टाकते. आधी तिचं पोट भरू दे. शिसं आयर्नला नाही लावायचं, वायरला लावायचं. वायरनं स्वतः वितळवलं तरच तो सांधा.”

हाच न्याय ते माणसांनाही लावत. माझ्या बहिणीला बघायला आलेल्या मुलाबद्दल सगळे खूश असताना हे म्हणाले, “पंचवीस वॅट. गोड बोलेल, पण जाड वायर आली की हा थंड.” आत्यानं विचारलं, “आणि तुम्ही हो?” तर म्हणाले, “मी तापायला वेळ घेतो. तुला गोत्तु, ठाऊक आहेच की.” सांधा झाला की वायर दाराच्या कडीला अडकवून ते अंगाच्या भारानं ओढत. एकदा कडी चौकटीसकट बाहेर आली आणि आतोबा रस्त्यावर बसले. आत्या पुढे आठवडाभर दार सुतळीनं बांधत होती. सांधा मात्र शाबूत होता, आणि तो त्यांनी अख्ख्या गल्लीला फिरून दाखवला.

इथवरचं मी पुष्कळांना हसत सांगितलं आहे. पुढचं कधीच सांगितलं नाही.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा, डिप्लोमा झालेला, आतोबांच्या हाताखाली. नंजनगूडला एक कन्नड टीचरबाई राहत. त्यांच्या यजमानांची फुप्फुसं गेलेली. ऑक्सिजनच्या मशीनवर दिवस काढत होते. वीज गेली तर मशीन चालावं म्हणून इन्व्हर्टर बसवायचा होता. नेमकी आतोबांची पाठ धरली आणि त्यांनी मला एकट्याला पाठवलं. सुभेदार त्यांनी स्वतः माझ्या पिशवीत घातला. मी तो गुपचूप काढून दाराआड ठेवला आणि पंचवीसचं घेतलं. कारण एवढंच, की काम झाल्यावर सुभेदार निवायला अर्धा तास जातो, तापलेला पिशवीत घालता येत नाही, आणि मला पाचची गाडी पकडून मित्रांबरोबर सिनेमाला जायचं होतं.

लहान आयर्ननं वायर तापेचना. मग मी शिसं आयर्नवरच वितळवलं आणि वायरवर ठिबकवलं. चकचकीत गोळी बसली. ओढून पाहिलं नाही. वरून काळी टेप गुंडाळली, बटण दाबलं, मशीन सुरू झालं. टीचरबाईंनी उप्पिट्टू आणि दही दिलं, ते खाऊन निघालो. सकाळी आतोबा यायच्या आत सुभेदार खिळ्यावर होता.

तीन आठवड्यांनी भर दुपारी नंजनगूडची वीज गेली. बाई शाळेत होत्या. बॅटरी भरलेली होती, पण त्या सांध्याशी ताप साठत गेला, गोळी सुटली आणि मशीन थांबलं. चार वाजता त्या घरी आल्या तेव्हा सगळं संपलेलं होतं.

बाराव्यानंतर त्या दुकानात आल्या. ओरडल्या नाहीत. ती वायर टेबलावर ठेवून विचारलं, “हे काम कुणी केलं?” आतोबांनी टेप सोडली, सांधा पाहिला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.

“मीच केलं, अम्मा,” ते म्हणाले.

गोष्ट गावभर झाली, बॅटरीचं काम येईनासं झालं, नंतर रेडिओही येईनात. दुकान गेलं त्याहून मला लागलं ते हे, की आतोबांनी माणसांना वॅट लावणं सोडून दिलं. कुणी मुद्दाम विचारलं तर म्हणत, “मला काय कळतंय त्यातलं.”

शेवटच्या आजारात मी त्यांच्या खाटेशी बसून एकदाचं काढलं, “आतोबा, ती नंजनगूडची वायर...”

“गोत्तु. टेप उलटी गुंडाळलेली होती. डावखुरा तूच एक आपल्यात.”

“मग बोलला का नाहीत?”

“जड काम मी हलक्या हातात दिलं. तेवढं माझंच होतं ना.” आणि त्यांनी पाणी मागितलं.

टीचरबाई अजून आहेत. मागे म्हैसूरच्या बसस्टँडवर भेटल्या, खूप थकल्या आहेत. आतोबा गेल्याचं कळल्यावर कन्नडमध्ये म्हणाल्या, “बिडी, जाऊ द्या. माणूस चांगला होता. मी केव्हाच माफ केलं त्यांना.” मी मान हलवली आणि त्यांची पिशवी बसमध्ये चढवून दिली.

हे सगळं मी मराठीत लिहिलं आहे. टीचरबाईंना मराठी वाचता येत नाही, हे लिहायला बसताना मला ठाऊक होतं.