वाकणाऱ्या आज्या आणि तोकिओची गाडी

तोकिओ माझा धाकटा भाऊ. शाळा आम्हा दोघांचीही बेताचीच. पण जपानातल्या अकिताच्या या डोंगरात रस्त्याची नस ओळखणारा त्याच्यासारखा दुसरा दाखवा, मी नाव बदलीन.

वरच्या वाडीपर्यंतचा रस्ता चिरून त्यात तार पुरली ती त्यानंच. ती तार हुंगत आमची गाडी आपली आपण चालते. बर्फानं सगळं पांढरंफटक झालं तरी तिला वाट सापडते. शहरातून एक कॅमेऱ्यांची हुशार गाडी आली होती, ती पहिल्याच बर्फात शेतात जाऊन बसली! तोकिओ आमच्या गाडीत पुढं बसतो, हात मांडीवर. फावडं धरायला त्याला मी शिकवलं, हे गावाला माहीत आहे.

वरच्या वाडीत अकरा घरं, सगळी म्हातारी माणसं. दवाखाना खाली. फेब्रुवारीत सरकारी कचेरीतून इनामी नावाचे साहेब गाडीच्या तपासणीला आले. अट अशी, की वर जाऊन परत यायचं, चाळीस मिनिटांत, सुकाणूला हात न लावता. नाही जमलं तर वरच्या वाडीची फेरी बंद.

पहिल्या दिवशी सव्वा तास लागला.

आमच्याकडं पाहुणा दिसेनासा होईपर्यंत वाकत राहायचं असतं. मात्सुए आजी रस्त्याच्या कडेला येऊन वाकली. डोकं आलं वाटेत, गाडी थांबली. पाहुणा अजून गेला नाही म्हणून आजी पुन्हा वाकली. गाडी हलेना.

"आजी, मागं सरक की!" तोकिओ ओरडला.

"साहेब आहेत आत. लांबून वाकू? आईबापांनी हेच शिकवलं का, म्हणतील!"

आणि साहेबही आतून वाकून उत्तर देत होते. अकरा घरं, अकरा आज्या!

"परवा शेवटची तपासणी," साहेब उतरताना म्हणाले.

मी तोकिओला म्हणालो, "आज्यांना घरात बसायला सांग."

"दादा, तूच सांगून बघ."

मी गेलो. मात्सुए आजी म्हणाली, "तुझ्या वरातीपुढं मी वाकले, तेव्हा नाही रे बोललास!" मी परत आलो.

तोकिओनं डोकं खाजवलं. "दादा, तुझा पेंढा घेऊ?"

दोन दिवस तो चटया विणत बसला. प्रत्येक दारापुढं, रस्त्यापासून दोन पावलं आत, बर्फ साफ करून एकेक अंथरली. आमच्यात कुणी आपल्यासाठी चटई टाकली, की ती सोडून बर्फात उभं राहणं म्हणजे टाकणाऱ्याचा अपमान. सांगायची गरजच नाही. बारावी चटई मी विणली, खालच्या थांब्यासाठी. जराशी वाकडी झाली, पण मजबूत.

तपासणीच्या दिवशी अकराही आज्या चटईवर उभ्या राहिल्या, मनसोक्त वाकल्या, आणि गाडी सुळ्ळकन पुढं. अडतीस मिनिटं! साहेबांनी खालीच कागदावर सही केली. फेरी चालू.

गाडी पुन्हा वर निघाली. साहेब रस्त्याच्या कडेला उभे राहून वाकले. गाडी थांबली. साहेब पुन्हा वाकले.

"साहेब," तोकिओ म्हणाला, "चटई."

साहेब लाल होऊन चटईवर चढले. गाडी गेली.

"ही मी विणलीय," मी त्यांना सांगितलं.