आत्यांना कळेल असं

मंगळवारी सकाळी शेजारच्या घरी फोन आला. माझे यजमान कोइमतूरला वारले, असं फोनवर सांगितलं. मी घरी आले आणि आत्यांना सांगितलं.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्याच म्हणतात. विट्यातल्या पुष्कळ घरांसारखं आमचंही घर गलाईवर चालायचं. परमुलखात दुकान टाकून सराफांचं सोनं गाळून, शुद्ध करून द्यायचं, हा तो धंदा. बहुतेक घरांत पुरुष तिकडे, बायका इकडे. आमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती, पण यात्रेच्या आणि दिवाळीच्या सुट्ट्या धरून आम्ही एका घरात राहिलो ते सगळे मिळून सात महिने. त्यामुळे माझं दुःख कसं धरावं हे मला बराच काळ उमगलं नाही. माणूस गेलं होतं, पण दिवस होते तसेच राहिले होते. मी वाचत बसे. आत्या कधी काही म्हणाल्या नाहीत.

वर्षश्राद्धाला थोरले दीर आले. दुकान आता तेच बघायचे. ते म्हणाले, "दुकानावर चार कामगार हायत. त्यांच्या सैपाकाचं तू बघ. आई पण यील. हितं दोघींनी भिंतीकडं बघत बसून काय करायचं?"

त्यात कपट नव्हतं. आमची जबाबदारी त्यांच्यावर होती आणि ती ते पार पाडत होते. मी सातारच्या कॉलेजातून बी. ए. झाले होते. मी दोन वर्षं मागितली. शिकवायचं काम मिळालं तर इथेच राहीन, म्हटलं. "बघ," ते म्हणाले, "दोन यात्रा हुस्तवर थांबतो."

बी. एड. नसल्यामुळे शाळांनी घेतलं नाही. गावातल्या एका क्लासमध्ये वह्या तपासायचं काम मिळालं आणि पुढे आठवी-नववीला शिकवायलाही मिळालं. क्लासच्या सरांची पद्धत ठरलेली होती. गाइडमधली उत्तरं सांगायची, मुलांनी लिहून घ्यायची, पाठ करायची. शेवटच्या रांगेत गलाईवाल्यांची मुलं बसत. ती तमिळनाडूत, केरळात वाढलेली, दहावी गावाकडे व्हावी म्हणून परत आणलेली. कुठूनही आली तरी बाकीची मुलं त्यांना मद्राशी म्हणत.

त्यांतल्या एका मुलीचा मला अभिमान वाटायचा. अक्षर वळणदार, उत्तरात एक काना-मात्रा चुकायची नाही. भूगोलात तिला पैकीच्या पैकी पडले, तेव्हा मी तिच्या आईला सांगितलं की पोर आता रुळली. मला तसंच वाटत होतं.

एका दुपारी ती वह्या द्यायला घरी आली. आत्या सोप्यात, म्हणजे आमच्या पुढच्या खोलीत, तांदूळ निवडत होत्या. "आगं, तेवढी परडी सरकीव हिकडं," त्या म्हणाल्या. मुलीनं थोडा विचार केला आणि हातातली वही पुढे केली. मला शंका आली. तिनंच लिहिलेल्या एका वाक्यावर बोट ठेवून मी अर्थ विचारला, तर तिनं त्याच्या पुढचं वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं. मी आणखी एक विचारलं. तिनं पुन्हा पुढचंच म्हटलं.

आत्यांनी सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "साप्टिया?"

जेवलीस का, असा त्याचा अर्थ, हे मला नंतर कळलं. मुलगी त्यांच्याशेजारी बसली आणि बोलत सुटली. गावाकडे आल्यापासून ती इतकी कधी बोलली नसेल. लग्नानंतर आत्यांनी कोइमतूरच्या दुकानावर आठ वर्षं स्वयंपाक केला होता, हे मला माहीत होतं. त्यांना तिथली भाषा येते हे मला माहीत नव्हतं.

"भाजीवालीकडनं शिकले," त्या म्हणाल्या. "खिडकीतनं. खाली उतरायची सोय कुठं हुती?"

दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हटलं, या मुलांना वेगळं बसवून शिकवू या. ते म्हणाले, "मॅडम, त्यांना पास करायचंय, पंडित नाही." मी पुन्हा विषय काढला तेव्हा म्हणाले, "मग काढा की तुमचा क्लास. चार मद्राशी पोरींवर चालतोय का बघा."

मी काढला. मुदतीतलं जेमतेम अर्धं वर्ष उरलं होतं. सोप्यात सतरंजी टाकली, तीन मुली आल्या. शिकवायची रीत मात्र आपोआप पडली. मुली घरातही तमिळच बोलत आल्या होत्या, त्यांना मराठी कळत नव्हतं, मला तमिळ येत नव्हतं, आणि आत्यांना अक्षर येत नव्हतं. धडा मी आधी आत्यांना सांगायचा, त्यांना कळला की त्या मुलींना सांगणार, आणि मग मुलींनी तो मला मराठीत परत सांगायचा.

"बाष्पीभवन म्हणजे द्रवाचं वायूत रूपांतर होणं," मी म्हटलं.

"मला सांगतियास का देवाला?"

मी म्हटलं, दोरीवरचं लुगडं वाळतं, तर त्यातलं पाणी कुठं जातं?

"वाऱ्यात जातं."

"तेच ते."

"मग तेवढ्याला एवढं थोरलं नाव कशापायी ठिवलंय?"

जे त्यांना कळेना ते पुढे जाईना. एकेका धड्याला चार-चार दिवस लागत. मी इतकी पुस्तकं वाचली होती, पण त्यांतलं किती थोडं मला दुसऱ्याला सांगता येतं, हे मला त्या सतरंजीवर कळलं.

पहिल्या चाचणीत त्या मुलीचे गुण निम्म्यावर आले. आता ती स्वतःची वाक्यं लिहीत होती आणि ती चुकत होती. तिची आई दारात उभी राहून म्हणाली, "आवं बाई, आदीच्या क्लासात बरं हुतं की." तरी तिनं मुलीला काढलं नाही. बाकीच्या दोघी काढल्या गेल्या. दुसऱ्या यात्रेला दीर आले, तेव्हा सतरंजीवर एकटीच मुलगी होती.

"एका पोरीचा क्लास?" ते म्हणाले. "आता आवरा. जूनला जाऊ समदी."

आत्या म्हणाल्या, "तुला सैपाकीण पायजे तर तिकडं बघ. मी आठ वर्सं रांधलं तितं. ही न्हाई यायची."

"आई, मी तिच्या भल्याचंच..."

"भल्याचंच हाय. पोरीला इचार की काय शिकली ती."

त्यांनी विचारलं. मुलीनं बाष्पीभवन सांगितलं, हेल तिकडचा, पण शब्द तिचे: "काका, दुकानात तेजाबाचं भांडं तापलं की धूर वर जातो न, तसं. पण पाणी गुपचूप जातं. दिसत नाही."

माझ्या तोंडी तेजाब, म्हणजे सोनं शुद्ध करायचं ॲसिड, कधी आलं नव्हतं. ते तिनं तिच्या वडिलांच्या दुकानातून आणलं होतं. "बराबर हाय," दीर म्हणाले आणि चहा मागितला. माझ्या जाण्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही, नंतरही नाही. जूनमध्ये ते आले ते आपल्या मुलीला आणि तिच्या ट्रंकेला घेऊन. "हिला पण बसव," म्हणाले. "घरात आमच्यासंगं बी तमिळच बोलती." त्यांनी आणली म्हटल्यावर दिवाळीपर्यंत आणखी सात घरांनी मुलं पाठवली.

माझा क्लास, असं लोक म्हणतात. मी तो माझा म्हणू लागले ते आत्या असताना, त्यांच्यासमोर, आणि त्यांनी एकदाही दुरुस्ती केली नाही. वह्यांवर सही माझी असे. पालक नमस्कार मला करत, आणि त्या शेजारी तांदूळ निवडत बसलेल्या असत. त्यांचे आभार मी कधी मानले नाहीत. आमच्याकडे सुनेनं सासूचे आभार मानायची पद्धत नाही, आणि मानले असते तर "येड लागलं का तुला" असंच त्या म्हणाल्या असत्या.

गेल्या पौषात आत्या गेल्या. आता घरात मी आहे, दिरांची मुलगी आहे, ती यंदा दहावीला आहे. सकाळ-संध्याकाळ मिळून एकवीस मुलं येतात. धडा मी अजूनही आधी आत्यांना कळेल असा करून घेते, मग दिरांची मुलगी तो त्यांना तमिळमध्ये सांगते.