उजवा गाल

उद्या सकाळी दहा वाजता माझ्या धाकट्या मुलीच्या उजव्या गालात सुया जाणार आहेत, आणि मला झोप येत नाही. तसं पाहिलं तर काळजीचं काही कारण नाही. सुया केसाएवढ्या बारीक असतात, डॉक्टर शेजारी उभ्या असतात, आणि ज्या खुर्चीत ती उद्या पडणार त्याच खुर्चीत गेल्या सहा वर्षांत तिनं शेकडो लोकांना झोपवलं आहे. मला भीती सुयांची नाही. ती ‘हो’ म्हणाली, त्याची आहे. मनात नसतानाही ती हो म्हणते. ही सवय तिला कुणी लावली ते मला महिनाभरापूर्वी कळलं.

धाकटी एका त्वचेच्या दवाखान्यात तंत्रज्ञ आहे. ती नोकरीला लागली तेव्हा तिचं काम नेमकं काय, हे आम्हाला कुणालाच सांगता यायचं नाही. तिचे बाबा तिला गवंडी म्हणायचे. ती दारातून आत आली की म्हणायचे, “आली आमची गवंडी. आज किती भिंती लिंपल्या?”

“बाबा, गवंडी वरून गिलावा करतो,” ती चप्पल काढता काढता म्हणायची. “आम्ही आतल्या लोकांना कामाला लावतो.”

मग एका रविवारी तिनं त्यांना नीट समजावून सांगितलं. कातडीच्या खालच्या थरात कोलॅजनचे दोरे असतात. वय झालं की ते सैल पडतात. खोल मुरमं येऊन गेली की तुटतात आणि तिथे खड्डा राहतो. सुईनं मुद्दाम बारीक बारीक टोचलं की शरीराला वाटतं जखम झाली, आणि ते नवे दोरे विणायला बसतं. चिरफाड नाही, टाके नाहीत. दोन-तीन दिवस गाल लाल राहतो आणि मग नुसती वाट बघायची.

“म्हणजे शरीराला फसवायचं,” हे म्हणाले.

“फसवायचं कशाला? त्याला येतंच ते काम. आठवण करून द्यायची.”

वाट बघायचं मात्र कुणाला जमत नाही. आठवड्याभरात बायकांचे फोन सुरू होतात. एकदा माझ्यासमोरच तिनं असा एक फोन घेतला होता. “काकू, रोपटं लावलं की रोज उपटून मुळं बघतो का आपण? तीन महिने आरशाला सुट्टी द्या.” पलीकडच्या काकू हसलेल्या मलाही ऐकू आल्या. हिच्याशी बोलताना लोकांचा राग टिकत नाही.

आता तिच्या गालांबद्दल लिहायला हवं, त्यासाठीच तर कागद घेऊन बसले आहे.

तिच्या दोन्ही गालांवर खड्डे होते. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात डॉक्टरबाईंनी तिला उजेडात बसवून निरखलं आणि म्हणाल्या, “तुझी एक बाजू करू आणि दुसरी तशीच ठेवू. फोटोवर हल्ली कुणाचा विश्वास बसत नाही.” ती हो म्हणाली. महिन्या-महिन्याच्या अंतरानं चार वेळा डाव्या गालावर काम झालं. वर्षभरात तो गाल बराच सपाट झाला. अगदी नव्यासारखा नाही, पण बाजूनं ऊन आलं तर खड्ड्यांत सावली साठत नाही एवढा. उजवा होता तसाच राहिला.

तेव्हापासून नवीन माणूस आलं की ती आधी डावा गाल दाखवते, मग मान वळवून उजवा. “हातच्या काकणाला आरसा कशाला,” असं डॉक्टरबाई म्हणतात. घरच्या फोटोत मात्र ती नेहमी उजव्या टोकाला उभी राहून मान किंचित वळवते. आमच्याकडच्या सहा वर्षांच्या फोटोंत तिचा उजवा गाल एकदाही आलेला नाही.

मी टोमणे मारायची. “अगं, अर्धी पोळी भाजून कुणी तव्यावरून काढतं का? दुसरी बाजूही करून घे की.”

“ती बाजू ड्युटीवर आहे, आई,” ती म्हणायची, आणि विषय संपायचा. तिच्या थट्टेखाली काही दबलेलं असेल, असं मला कधी वाटलं नाही.

ती पंधरा वर्षांची असताना तिला मुरमं यायला लागली. मी तेव्हा शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होते. विज्ञानाची पदवी, रोजचा बाटल्या-नळ्यांशी संबंध, त्यामुळे जंतू म्हणजे काय ते मला कळतं याचा मला मोठा तोरा होता. शेजारपाजारच्या बायका नखांनी फोडतात, आपण तसं करायचं नाही, आपण शास्त्रशुद्ध करायचं. दर रविवारी न्हाणं झालं की मी तिला स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी स्टुलावर बसवायची. सुई गॅसच्या ज्योतीत लाल होईपर्यंत धरायची, गार करायची, गाल जंतुनाशकानं पुसायचा. मग टोचायचं, आणि कापसानं दोन्ही बाजूंनी दाबायचं. सगळं बाहेर येईपर्यंत दाबायचं.

“हलू नकोस,” मी म्हणायची.

तिचा हात आपोआप वर यायचा. मी तो धरून तिच्या मांडीवर ठेवायची. पुन्हा वर आला की पुन्हा ठेवायची. पुढे पुढे तो वर यायचाच बंद झाला, आणि मला वाटलं, पोरीला समज आली.

थोरली एकदा दारात उभी राहून म्हणाली होती, “आई, सोड ना तिला. रडतेय ती.”

“डोळ्यांतून पाणी येतंय, रडत नाहीये. पुढे हीच माझे आभार मानेल.”

दोन वर्षं हे चाललं. त्यातला एक रविवारसुद्धा मी चुकवला नाही. तापात असताना देखील मी उठून सुई तापवली होती. कष्टांचा अभिमान माणसाला किती आंधळं करतो, ते मी आता लिहू शकते. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्यालाच चार शब्द सुनावले असते.

गेल्या महिन्यात डोळे तपासायला गेले होते. डोळ्यांचे डॉक्टर तिच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बसतात. काम लवकर आटोपलं म्हणून तिच्याकडे गेले. बाहेर नावं लिहून घेणारी मुलगी जेवायला गेली होती, बाकावर कुणी नव्हतं. पडद्याआड धाकटीचा आवाज येत होता. कुणी बाई आपल्या सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या होत्या.

“काकू, घरी दाबता का तुम्ही हे?”

“मी सुई तापवून घेते हो. अगदी स्वच्छ,” बाई म्हणाल्या. “असंतसं नाही करत.”

माझ्या हातातली पर्स मी उगाचच उघडली आणि बंद केली.

“सुई स्वच्छ असेल,” धाकटी म्हणाली. “पण दाबलं की आतली घाण आणखी खोल जाते, आणि आतले दोरे तुटतात. काही खड्डे मुरमांनी पडतात, पण बरेचसे बोटांनी पडतात. हा माझा गाल बघा.”

“अगंबाई. तुमच्याकडेही आई दाबायची?”

“आमच्याकडे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं,” ती म्हणाली. आई हा शब्द तिनं उच्चारला नाही. आवाजात तक्रार नव्हती. तोंडपाठ झालेलं वाक्य वाटलं, अनेकदा वापरून गुळगुळीत झालेलं.

मग ती त्या मुलीशी बोलली. मुरमं ताजी असताना सुया करायच्या नसतात, आधी डॉक्टर औषध देतील, सगळं शांत झालं की वर्षभरानं बघू. “आणि तेव्हा एक लक्षात ठेव. दुखलं की हात वर करायचा. मी थांबते. का म्हणून विचारत नाही.”

मी बाकावरून उठले, पण जायचं कुठे ते सुचेना, म्हणून पुन्हा बसले. ती बाहेर आली. “आई, तू? कधी आलीस?”

“हे काय, आत्ताच.”

“डोळे काय म्हणतात?”

“नंबर वाढलाय.”

तिनं खालून चहा मागवला. अर्धा तास आम्ही नव्या चष्म्याच्या दांड्या कुठल्या घ्याव्यात यावर बोललो. तोंड उघडायला एवढी जागा होती, एवढा वेळ होता. मी चहाचे दोन कप प्यायले आणि घरी आले. हल्ली ती दवाखान्याजवळ खोली घेऊन राहते. त्यानंतर महिनाभर रोज ठरवलं की आज फोनवर बोलायचं, आणि रोज विचारलं, जेवलीस का.

आज संध्याकाळी तिचा फोन आला. दवाखान्यात नवं यंत्र आलं आहे. सुईच्या टोकाला उष्णताही देतं, त्यामुळे आतलं विणकाम अधिक जोमानं होतं म्हणे. उद्या बाहेरचे चार डॉक्टर ते बघायला येणार आहेत. डावा गाल जुन्या यंत्राचा आहेच, तर उजव्यावर हे करून दाखवू, असं ठरलं.

“बरं झालं,” मी म्हणाले. “दोन्ही गाल एकदाचे सारखे होतील.”

“हं.” मग ती म्हणाली, “उष्णतेचा आकडा जरा जास्त लावणार आहेत, आई. आपल्या रंगाच्या कातडीवर एवढी उष्णता दिली तर काळे डाग राहू शकतात. दुसऱ्या कुणाला मी इतका लावला नसता. पण मॅडमना कसं सांगू?”

ती मला विचारत होती. सव्वीस वर्षांच्या बाईनं, जिला ते काम माझ्यापेक्षा हजारपट कळतं, तिनं आईला विचारलं. आणि मी काय म्हणाले?

“त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. तू कशाला मध्ये बोलतेस?”

“बरोबर,” ती म्हणाली.

“दुखेल का गं?”

“थोडं. सवय आहे मला.”

फोन ठेवल्यावर मी भांडी आवरली, दूध झाकलं, दाराची कडी दोनदा बघितली. हे कधीच झोपले. एक वाजून गेला आहे. तिचा हात मी आज संध्याकाळी पुन्हा एकदा मांडीवर ठेवला, हे मला दूध झाकताना कळलं.

नऊ वाजता तिच्या गालाला बधिर करायचं मलम लावतील. ती सहाला उठते, तेव्हा फोन करावा असं ठरवलं होतं. पण मी स्वतःला ओळखते. उजाडलं की मी पुन्हा शहाणी होईन, मला नोकरी आठवेल, चार डॉक्टरांसमोर तमाशा नको वाटेल, आणि मी विचारीन, नाश्ता केलास का.

काय बोलायचं ते फार नाही. सुई मी तापवत होते, खड्डे माझ्या बोटांनी पडले, ते मी पडद्याबाहेर बसून ऐकलं. आणि उद्या त्या खुर्चीत बसायचं नसेल तर बसू नकोस. बसलीस आणि आकडा जास्त वाटला, तर हात वर कर. कितीही माणसं बघत असली तरी.

माफी मागितली म्हणून कुठलाच खड्डा भरत नाही, हे तिचंच शास्त्र आहे. पण दहाच्या आत तिच्या कानावर हे जायला हवं.

ती घाबरून उठेल. अशा अपरात्री आईचा फोन म्हणजे तिला वाटेल बाबांना काही झालं. तेव्हा पहिलं वाक्य ‘सगळे बरे आहेत’ हेच म्हणावं लागेल, आणि मग मध्ये न थांबता पुढचं. चष्मा डोळ्यांवर आहेच. तिचा नंबर मी लावते आहे.