कोंपाय मिरो आणि कुमकेचा डावखुरा

आमच्या बोका दे मिएल गावात सकाळी सहाला कोंबडे गप्प होतात, कारण तेव्हा कोंपाय मिरो माझ्या व्हरांड्यात बसून रेडिओला फोन लावतो. फोन माझा, खुर्ची माझी, कॉफी माझी. आवाज तेवढा त्याचा. स्वतःच्या घरून त्याला फोन करता येत नाही. लग्नाच्या तिसाव्या वर्षी त्याच्या बायकोने, तेओफिलाने, बजावलं होतं, "या घरात एकतर मी राहीन नाहीतर तुमचं बेसबॉल." मिरोने दोन दिवस विचार केला आणि बेसबॉल माझ्याकडे आणून ठेवलं.

तो मला कोमाय म्हणतो नि मी त्याला कोंपाय, कारण माझ्या मुलाला, दानिलोला, बाप्तिस्म्याच्या वेळी त्याने हातांवर घेतलं होतं; तो त्याचा पाद्रिनो, म्हणजे धर्मपिता. हे नातं सख्ख्या भावाच्या नात्यापेक्षा जड. भावाशी बोलणं टाकलं तर कोणी विचारत नाही, कोंपायशी टाकलं तर पाद्रीसुद्धा घरी येतो.

तर रोज सकाळी हे असं:

"फाउस्तो, तू रेडिओवर बसतोस, तुला चार लोक ओळखतात, तू तरी त्या मॅनेजरला विचार. दोन बाद झालेत, बेसवर माणसं आहेत, आणि हा बॅटरला चेंडू नुसता टेकवायला सांगतो? अरे, माझी मेव्हणी मुसळ घेऊन उभी राहिली असती तरी जोरात मारला असता!"

"दॉन मिरो, तुमची मेव्हणी करारावर आहे का?" फाउस्तो पलीकडून आदराने विचारायचा.

"चेष्टा नको. तिचे गुडघे आपल्या पहिल्या बेसवाल्यापेक्षा बरे आहेत."

मिरोने चौतीस वर्षं साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या तोलल्या. एकदा त्याच्या थोरल्या भावाची गाडी काट्यावर उभी होती. भाऊ हळूच म्हणाला, "मिरो, तुझा एक पाय फळीवर राहू दे की." मिरोने पाय तर मागे घेतलाच, वर फळीवर चिकटलेला चिखलही खरवडून काढला. भाऊ दोन वर्षं बोलला नाही. असा माणूस. ज्याला खोटं बोलता येत नाही असा माणूस शेजारी असणं म्हणजे काय, ते ज्याच्या शेजारी आहे त्यालाच कळतं. माझ्या मुलीच्या लग्नात डुकराचं मांस कोरडं झालं होतं, हे मला बिशपसमोर ऐकावं लागलं.

आणि एवढं खरं बोलून उपयोग काय? आमच्या संघाचं नाव खेकडे, आणि खेकडे मिरोचं ऐकत नाहीत. ऐकत नाहीत एवढंच नाही, तो सांगेल त्याच्या बरोबर उलट करतात. त्याने म्हणावं, पळणारा गडी घ्या, त्यांनी विहिरीच्या कठड्याएवढा माणूस घ्यावा. त्याने म्हणावं, पिचर दमलाय, काढा, त्यांनी त्याला आणखी दोन डाव ठेवावा. पाववाला सायकलवरून ओरडायचा, "दॉन मिरो, उद्या म्हणा की खेकडे हरू देत!" गावात सगळ्यांची खात्री होती की संघाचा कारभारी सकाळी रेडिओ ऐकतो, मिरो काय म्हणाला ते कागदावर लिहितो आणि त्यावर फुली मारतो. मलाही तसंच वाटायचं. हसण्यासारखं होतं, पण वाटायचं.

त्या वर्षी जानेवारीत खेकडे एकोणीस वर्षांनी अंतिम मालिकेत पोचले. माझ्या दानिलोचा संघ, पेलिकन, त्याआधीच्या फेरीत बाहेर पडला. दानिलो डावखुरा पिचर, वय अडतीस. सोळा वर्षं मेक्सिको, तैवान, कुठे कुठे हिंडला, बॅग कधी पुरती उपसली नाही. पण आपल्या गावच्या मैदानावर, आपल्या लोकांसमोर अंतिम सामन्यात चेंडू टाकणं त्याच्या नशिबी आलं नव्हतं. नोव्हेंबरमध्ये त्याने मला सांगितलं होतं, "आई, हे शेवटचं वर्ष. खांदा आता सकाळी माझ्यानंतर उठतो."

आमच्याकडे पद्धत अशी, की अंतिम मालिका सुरू होण्याआधी दोन्ही संघ हरलेल्या संघांतून कुमक निवडतात. खेकड्यांना एकच माणूस घ्यायचा होता. त्यांच्या एकुलत्या एका डावखुऱ्या पिचरचं बोट मोडलं होतं. मग घेणार कोणाला? सगळं गाव म्हणत होतं, दॉन्या झुनिल्दाचा, म्हणजे माझा, दानिलो. मी देवासमोर मेणबत्ती लावली ती विझूच दिली नाही.

आणि नेमका तेव्हा मिरो गप्प झाला. तीन दिवस येऊन बसला, कॉफी प्यायला, निघून गेला. फोनकडे बघितलंसुद्धा नाही. फाउस्तो रेडिओवर विचारायला लागला, "दॉन मिरो बरे आहेत ना? कोणीतरी जाऊन बघा." दुपारपर्यंत तिघीजणी वाटीत रस्सा घेऊन तेओफिलाकडे गेल्या.

कुमक गुरुवारी दुपारी निवडायची होती. गुरुवारी सकाळी मी कॉफीचं भांडं त्याच्यासमोर आपटलं.

"कोंपाय, आज तरी बोल. तुझ्या धर्मपुत्राचा प्रश्न आहे."

"म्हणूनच बोलत नाही."

"म्हणजे?"

तो आधी टोपी फिरवत बसला. मग म्हणाला, "कोमाय, ती जागा बॅटरला द्यायला हवी. आपला पहिला बेसवाला गेल्या चार सामन्यांत लाकडासारखा उभा आहे. आणि दानिलो..."

"दानिलो काय?"

"दानिलो आता पूर्वीचा नाही."

माझ्या पोराला याने हातांवर घेतलेलं, पहिला चेंडू याने आणून दिलेला, कापडाच्या चिंध्या नि मोज्याचा. त्याला बदडावं की रडावं ते कळेना. आणि मग एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. हसू नका, मी आई आहे.

"हेच," मी म्हटलं, "अगदी हेच फाउस्तोला सांग."

"काय?"

"सांग की दानिलो संपला. त्याला घेऊ नका. ते उलटच करतात की नाही?"

"कोमाय, तू मला खरं बोलायला सांगतेस, ते खोटं ठरावं म्हणून?"

"तू खरं बोल, बाकीचं खेकडे बघतील."

बिचारा त्यातून सुटायला वाट शोधत होता. पण मी त्याच्याकडे दुसरं काहीच मागत नव्हते. जे त्याला वाटतं तेच बोल म्हणत होते. मी फोन लावला आणि त्याच्या कानाला धरला.

आणि तो बोलला! देवा, काय बोलला. मला वाटलं होतं दोन वाक्यं बोलेल. त्याने माझ्या पोराला काट्यावर ठेवलं आणि एकेक वजन काढत गेला. चेंडूचा वेग तीन वर्षांत किती कमी झाला. गेल्या महिन्यात उजव्या बॅटरांनी तेरातून सात वेळा मारला. दुसऱ्या डावात हात कसा खाली येतो. "पूर्ण डाव त्याला झेपणार नाही, फाउस्तो. मी त्याचा पाद्रिनो आहे, मला हे सांगताना जीभ जड होते. पण आता डावखुऱ्या बॅटरच्या बाबतीत मात्र..."

मी फोनचा खटका दाबला. लाइन तुटली.

"अगं, माझं वाक्य राहिलं!"

"पुरे झालं," मी म्हटलं. "कौतुक करायला लागलास तर सगळं मुसळ केरात."

"पण ते महत्त्वाचं होतं."

"कॉफी पी."

दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानदाराने रेडिओ रस्त्याकडे तोंड करून ठेवला. निम्मी गल्ली उभी. खेकड्यांच्या कारभाऱ्याचा आवाज आला: त्यांनी पेलिकन संघातूनच माणूस घेतला होता. मी हात जोडले. पण तो दानिलो नव्हता. पेलिकनांचा पहिला बेसवाला होता, बॅटर.

फाउस्तोने विचारलं, "डावखुरा का नाही?"

कारभारी म्हणाला, "आम्ही दानिलोलाच घेणार होतो. पण सकाळी त्याच्या स्वतःच्या पाद्रिनोचं ऐकलं. जो माणूस आपल्याच धर्मपुत्राविरुद्ध बोलतो, तो खोटं कशाला बोलेल?"

एवढी वर्षं त्यांनी मिरोचं एक अक्षर ऐकलं नाही. ऐकायला त्यांना हाच दिवस सापडला. पाववाला तोंड उघडायला लागला, मी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तो सायकल हातात धरून चालत गेला.

संध्याकाळच्या बसने दानिलो आला. बॅग दारात ठेवली, माझा आशीर्वाद मागितला. मिरो व्हरांड्यातच होता, उठून उभा राहिलेला. आमच्याकडे पाद्रिनो दिसला की आधी आशीर्वाद मागायचा, मग बाकीचं. पन्नाशीचे लोकसुद्धा रस्त्यात थांबून मागतात. दानिलो त्याच्या शेजारून आत गेला. मिरोचा हात अर्धा वर आला होता, तो त्याने टोपीकडे नेला.

"बसमध्ये रेडिओ चालू होता," दानिलो आत मला म्हणाला. "ड्रायव्हरने आवाज मोठा केला, आई. लोक मागे वळून माझ्याकडे बघत होते."

मी त्याला जेवण वाढलं. मला सांगायला हवं होतं, पण मी भात वाढला. मग आणखी भात वाढला.

मालिका सात सामन्यांपर्यंत गेली. मधले दिवस कसे गेले विचारू नका. मिरो सहाला यायचा, दानिलो तोपर्यंत समुद्राकडे फिरायला गेलेला असायचा. मिरो फोन करायचाच नाही. तेओफिला वैतागून मला म्हणाली, "झुनिल्दा, याला काहीतरी बोलायला लाव. घरी माझ्या कालवणावर मतं द्यायला लागलाय."

सातवा सामना रविवारी चार वाजता होता. माझ्या घरी टीव्ही मोठा, म्हणून मिरो आला. तेओफिलाने ढकलला म्हणा. दानिलो आरामखुर्चीत, मिरो दाराजवळच्या स्टुलावर, मधे मी केळी सोलत बसलेली. तीन तास ही दोन माणसं माझ्याशी बोलत होती. "कोमाय, याला सांग, जरा बाजूला सरक." "आई, त्यांना सांग, दिसतंय मला."

आठव्या डावात खेकडे एका धावेने पुढे होते. दोन बाद. समोरच्यांची दोन माणसं बेसवर, आणि बॅटर आला डावखुरा, उंच, मान तिरकी करून उभा राहणारा. असल्या बॅटरला डावखुरा पिचरच आवरतो, आणि मैदानावर आमचा पिचर उजवा. बाकावर सगळे उजवे. मॅनेजर बाहेर आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, परत गेला. आणायला कोणी नव्हतंच.

चेंडू उजव्या कोपऱ्यात गेला आणि दोन धावा आल्या. आमचा नववा डाव तीन बॅटरांत आटोपला. खेकडे हरले.

बाहेर कोणीतरी पातेलं आपटलं. दानिलोने टीव्हीचा आवाज बंद केला. टीव्हीकडेच बघत त्याने विचारलं, पण या वेळी मला मधे न घालता, "पाद्रिनो. त्याला मी बाद केला असता?"

मिरो म्हणाला, "हो."

"मग?"

"चूक माझी. मी तुला पूर्ण डावासाठी तोललं. एका बॅटरसाठी तोलायला हवं होतं. माझ्या लक्षातच आलं नाही."

चौतीस वर्षं काट्यावर बसलेल्या माणसाच्या तोंडून मी पहिलं खोटं ऐकलं, आणि ते माझ्यासाठी होतं. अगदीच कच्चं खोटं, सवय नाही ना. कान लाल झाले होते.

"लक्षात आलं होतं त्याच्या," मी म्हटलं. केळं हातातच होतं. "डावखुऱ्या बॅटरचं तो सांगायलाच लागला होता. फोन मी कापला. बोलायलाही मीच लावलं. मला वाटलं, उलट करतील."

दानिलो माझ्याकडे बघत राहिला. मग मिरोकडे. मग परत माझ्याकडे. त्याचं तोंड आधी रागाने वाकडं झालं, मग कशाने ते मला सांगता येणार नाही.

"आई," तो म्हणाला, "म्हणजे मला तू बाहेर बसवलंस?"

"हो."

"आणि हे तुमच्या दोघांच्या डोक्यात कुठून आलं, की अंतिम मालिकेची निवड आपल्या व्हरांड्यातून होते?"

"झाली ना पण," मिरो म्हणाला.

तेव्हा दानिलो उठला, दाराशी गेला, स्टुलासमोर उभा राहिला आणि मान खाली घालून म्हणाला, "आशीर्वाद द्या, पाद्रिनो."

"देव तुला सांभाळो, पोरा," मिरो म्हणाला. हात त्याच्या खांद्यावर ठेवला, दुखऱ्या खांद्यावर नाही, दुसऱ्या. आणि हात काढायच्या आधीच म्हणाला, "पण त्याला पहिला चेंडू काय टाकला असतास?"

"बाहेर वळणारा."

"बाहेर? वेडा झालास? त्याची वाट तर तो बघत होता!"

"म्हणूनच. दिसेल, पण हाताला लागणार नाही."

"तीन वर्षांपूर्वी लागला नसता. आता लागेल."

"तुम्हीच म्हणालात ना, मी बाद केला असता?"

"आत टाकला असतास तर!"

मी पातेल्यात पाणी ठेवलं. मागे दोघांचे आवाज चढत होते, तेओफिला कुंपणापलीकडून विचारत होती की कोणी मेलंय का. मी आतूनच विचारलं, केळी तळू की उकडू. दोघांनी एकदम उत्तर दिलं, एकाने तळ म्हणून, एकाने उकड म्हणून, आणि त्यावरही लगेच जुंपली.

मी उकडली.