मिस्त्रींचा कान आणि बाईंची गाडी

मिस्त्रींच्या कानाचा मोठा बोलबाला होता. पडद्यामागे कोण खोकलं हे मुरलेल्या नटाला जसं न बघता कळतं, तसं डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून ते गाडीचं दुखणं सांगत. चाळीस वर्षं टाळ्या घेतलेला कान तो!

पण निवृत्त मुख्याध्यापिका बाईंची सतरा वर्षांची गाडी त्या कानाला दाद देईना. एसी बंद असला की शहाण्यासारखी चालायची. एसी लावून गर्दीत दहा मिनिटं उभी राहिली, की काटा थेट लाल पट्टीत. बाईंच्या यजमानांना उकाडा सोसत नव्हता आणि आठवड्यातून दोनदा त्यांना उपचारांना न्यावं लागे. मिस्त्रींनी रेडिएटर धुतला, थर्मोस्टॅट बदलला. तरी आज गाडी तिसऱ्यांदा दारात.

"आज शेवटचं हं, मिस्त्री. नाहीतर उद्या भाचा येऊन भंगारात देणार आहे."

"गाडीबद्दल बोलतेय ती," मागच्या सीटवरून यजमान म्हणाले, "माझं अजून ठरलेलं नाही."

दोघं आत पंख्याखाली जाऊन बसली. मिस्त्रींनी इंजिन चालू केलं, एसी लावला, डोळे मिटले. "रेडिएटरचे दोन्ही पंखे फिरताहेत. अगदी सुरात."

त्यांची बायको चहा घेऊन गाडीच्या पुढे उभी होती. गॅरेजात सुट्या भागांचं दुकान तीच सांभाळायची. "सुरात असतील हो, पण माझ्या पायांना झळ लागतेय."

"पंखा हवा आत ओढतो. पुढे झळ कशी येईल?"

"मला काय विचारता? डोळे उघडा की!"

मिस्त्रींनी वर्तमानपत्राचा कपटा जाळीसमोर धरला. पहिल्या पंख्याने तो चिकटवून घेतला. दुसऱ्या पंख्याने, जो फक्त एसीबरोबर सुरू होतो, तो त्यांच्या छातीवर फेकला. हा दुसरा पंखा उलटा फिरत होता! एक हवा ओढत होता, दुसरा गरम हवा परत ढकलत होता. त्या पंख्याची मोटर त्यांनीच हिवाळ्यात बसवली होती, आणि दोन तारांची अदलाबदल झाली होती. थंडीत एसी लावतंय कोण?

त्यांनी बायकोकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता? तारा काय मी जोडल्या?"

दोन मिनिटांचं काम. नंतर एसी लावून गाडी वीस मिनिटं उभी ठेवली. काटा मधोमध, हलेना.

"वा!" बाई बाहेर आल्या. "काय झालं होतं हो?"

जुनी गाडी आहे, बाई, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. वाक्य ओठांवर आलंही होतं. मिस्त्री फडक्याला हात पुसत राहिले, नको तितका वेळ.

"चूक माझी होती, बाई. हिवाळ्यात तारा उलट्या जोडल्या. पंख्याचा आवाज ऐकला, वारा बघितलाच नाही."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "तीन हेलपाटे. या माणसाला घेऊन, उन्हातान्हात."

"हो, बाई."

मग बाईंनी भाच्याला फोन लावला. "उद्या येऊ नकोस. गाडी ठेवतेय. अरे, का म्हणजे? मिस्त्रींना अजून पुरतं रागवायचंय मला. आज यांना उशीर होतोय, उरलेलं पुढच्या सर्व्हिसिंगला."