साडूंना मिळालेल्या संपादकबाई

आमच्या थोरल्या साडूंइतका मन लावून गोंधळणारा माणूस अख्ख्या भोर-वेल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. कापूरहोळला त्यांचं गॅरेज आहे. बिनसाखरेचा चहा सांगून वर साखर मागणं, विंझरला जायला निघून भोरच्या एसटीत बसणं, हे नेहमीचंच. पण गॅरेजवर गाडी दुरुस्त होईपर्यंत खोळंबलेल्या माणसांच्या गोष्टी त्यांनी लिहिल्या, पुस्तक स्वखर्चानं छापायचं ठरवलं आणि कुणीतरी ‘आधी संपादक गाठा’ म्हणालं, तेव्हा त्यांच्या गोंधळाला खरा बहर आला.

नमुन्यादाखल एकच गोष्ट त्यांनी पुण्यातल्या तिघांना धाडली. पहिल्यांनी भाषा इतकी शुद्ध केली, की टेम्पो बंद पडलेला ड्रायव्हर ‘कृपया साहाय्य करा’ म्हणू लागला. दुसऱ्यांनी ‘अप्रतिम’ एवढं लिहून बँकेचा खाते क्रमांक कळवला. तिसऱ्या होत्या एक बाई. त्यांनी काहीच न बदलता समासात नुसते प्रश्न लिहिले: हा माणूस रडला का? पुढे घरी पोचला का?

“पाव्हणं, पैसं आपुन द्यायचं आन उत्तरं बी आपुनच द्यायची?” साडूंनी मला विचारलं.

“मग नाही म्हणा त्यांना.”

“आवो, पन त्या इचारत्यात त्येच तर म्या लिवायचं इसरलोय!”

बाई ठरल्या. पण त्यांचा दर शब्दामागं. तो परवडेना, म्हणून साडू स्वतःच शब्द कापायला बसले. ‘अतिशय’, ‘अत्यंत’ गेले, सूर्योदय गेले, पाहुण्यारावळ्यांची स्तुती गेली आणि तिच्याबरोबर मीही गेलो. पुस्तक निम्मं उरलं आणि पहिल्यांदाच वाचावंसं वाटू लागलं.

एका पानाला मात्र ते हात लावेनात. गॅरेज त्यांनी धाकट्या भावाबरोबर काढलं होतं. एक दिवस दोघांचं भांडण झालं, भाऊ समोर आलेल्या एसटीत बसून गेला, तो परतलाच नाही. तेवढंच त्या पानात होतं. मी म्हटलं, हे जरा लांबलंय.

“ऱ्हाऊ द्या. त्येचं पैसं भरीन म्या.”

बाईंकडून पुस्तक तपासून आलं. पानोपानी खुणा, प्रश्न. त्या पानावर मात्र काहीच नाही. साडूंचा लगेच फोन.

“पाव्हणं, हितं बाईंनी कायच इचारलं न्हाई. पान बरं झालंय म्हनून, का वाचायचंच ऱ्हायलं?”

“बाईंनाच विचारा की.”



“नगं,” ते म्हणाले. “ज्याच्यापायी लिवलंय, त्यो वाचंल तवा सांगंल.”

आता पुस्तक छापून आलंय. पहिली प्रत त्यांनी पिशवीत घालून ठेवलीय. कुठल्या पत्त्यावर धाडायची, ते त्यांना ठाऊक नाही. मलाही.