रांगेतल्या गाण्याची चाल

मी जे केलं ते अजाणता केलं नाही, हे आधीच लिहून टाकते. नाहीतर लिहिता लिहिता मी स्वतःलाच माफ करून मोकळी होईन. तेवढी मी हुशार आहे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही बेंगळुरूत चामराजपेटेत राहायचो. ह्यांची सरकारी कारखान्यात नोकरी, मुलगी कॉलेजात. मी जेमतेम सातवी शिकलेली, पण आमच्या मराठी भजनी मंडळात माझा काय तोरा! कारण चाली. कुठल्याही सिनेमाच्या गाण्यावर मी देवाचे शब्द असे बसवायची, की मूळ गाणं ओळखणारी बाई आधी फिसकन हसायची आणि मग निमूट टाळ धरायची.

वरच्या मजल्यावर एक गोरी म्हातारी राहायची. पोलंडची, ज्यू. लढाई संपल्यावर तिकडे शिकायला आलेल्या एका कानडी डॉक्टरशी लग्न करून इकडे आली. तो वारला, ही राहिली. सगळी गल्ली तिला अज्जी म्हणायची. कानडी माझ्यापेक्षा छान बोलायची. माझं कानडी भाजीवाल्याकडे शिकलेलं, 'स्वल्प कम्मी माडी', म्हणजे थोडं कमी करा, याच्या पुढे अडखळणारं. तरी आमचं दोघींचं जमायचं.

एका दुपारी ती व्हिडिओ कॅसेट घेऊन खाली आली. नवऱ्याच्या पुतण्याने परदेशातून पाठवलेली.

"नोडम्मा, हे बघ, तुझ्याकडे मशीन आहे ना? मला एकटीने नाही बघायचं हे."

लढाईच्या आधी पोलंडात काढलेला सिनेमा होता, यिडिश भाषेतला. यिडिश म्हणजे तिकडच्या ज्यूंची घरातली भाषा, इथे आमची मराठी असते तशी. मी मेथी निवडत बसले. दाढीवाले पुरुष, लग्नघर, आणि पाहुण्यांना जेवायला बोलावणारं एक उडतं गाणं. मी म्हटलं, "अज्जी, ही तर आपलीच पंगत की!"

ती टीव्हीच्या काचेला बोट लावून उभी होती. "ही गर्दी आमच्या गावची. दोन दिवस शूटिंग चाललं होतं. ही पातेलं ढवळते ना, ती आमची शेजारीण. हा पाववाला."

"आता कुठे असतात हे लोक?" मी विचारलं. काय विचारावं याची अक्कल बघा.

"कोणी नाही," ती म्हणाली.

मग सांगितलं तिने. नाझींनी गावातल्या सगळ्या ज्यूंना चार गल्ल्यांत कोंडलं, भोवती कुंपण घातलं. दुपारी एकदा पाण्यासारखं सूप मिळायचं, त्याला ही मोठी रांग. तिची अठरा वर्षांची धाकटी बहीण रांगेत उभी राहून ह्याच लग्नाच्या गाण्यावर नवे शब्द रचायची. या पाहुण्यांनो, बसा पाहुण्यांनो, आज आम्ही पाण्यात पाणी शिजवलंय. अशी पुष्कळ कडवी. रांगेतली माणसं ओठांतल्या ओठांत म्हणायची आणि हसायची.

"हसायची?"

"मग? हसण्याला रेशन नव्हतं ना."

बहिणीला तिथून आगगाडीत घालून नेलं, ती परत आली नाही. "ते शब्द आता फक्त माझ्याकडे आहेत," अज्जी म्हणाली आणि गुडघ्यावर बोटांनी ठेका धरत तिने ते गाणं यिडिशमध्ये म्हटलं. मी रडले. खरंच रडले. पण रडता रडताच माझं दुसरं मन ती चाल उचलत होतं.

महिन्याभराने भजनी मंडळांची स्पर्धा आली. विषय होता अन्नपूर्णा. आता सांगा, भुकेच्या रांगेतल्या गाण्यावर मी काय बसवलं असेल? पुरणपोळ्या, श्रीखंड, तुपाची धार. शब्द टपाटप सुचत गेले. मनात एकदा आलं, हे बरं नव्हे. तेव्हा मी पेटीचा आवाज वाढवला.

आमचा पहिला नंबर आला. निवेदिकेने विचारलं, "चाल कुणाची?" बायका ओरडल्या, "आमच्या ताईंची! अगदी स्वतःची!" मी हात जोडले. मान हलवून नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? समोर तिसऱ्या रांगेत अज्जी बसली होती. मुलीने मला न सांगता, मला आनंद व्हावा म्हणून तिला रिक्षातून आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी लाडूंचा डबा घेऊन वर गेले.

"रागावलात अज्जी?"

"चालीसाठी? चाल बहिणीची तरी कुठे होती? तिनेही सिनेमातूनच उचलली. आम्ही कुणाला विचारायला गेलो होतो?" तिने डबा बाजूला ठेवला. "पण ते लोक 'तुझी' म्हणाले आणि तू हात जोडलेस. तिचं या जगात एवढंच उरलंय, अम्मा. तुझ्या बायकांना सांग. बस्स."

"गुरुवारी सांगते," मी म्हटलं.

गुरुवारी बायकांनी माझ्यासाठी हार आणला होता. मी म्हटलं, "अहो, ती चाल एका जुन्या सिनेमातून सुचली मला." एकजण म्हणाली, "ताई, तुमची कुठली चाल सिनेमातली नसते हो?" सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि हार घातला.

जिन्यात अज्जी वाट बघत होती. "सांगितलंस?"

"हो."

"काय म्हणाल्या?"

"रडल्या, अज्जी."

तिने माझे दोन्ही हात धरले. इतकी वर्षं तिला ओळखत होते, पण असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. "मग त्यांना आण वर. मी शब्द शिकवते. सगळी कडवी. चारजणींना आली तरी पुरे."

आणू कशी? आणलं असतं तर जिन्यातच सगळं उघडं पडलं असतं. मी सांगितलं, दिवाळी होऊ दे. मग परीक्षा होऊ देत. मग हिचे गुडघे दुखतात, तिचा नवरा आजारी आहे. अज्जी म्हणायची, "सरी, सरी. बरं, सावकाश." संक्रांतीनंतर तिने मला एकटीलाच शिकायला बोलावलं, तेही मी टाळलं. त्या डोळ्यांसमोर बसवेना. पावसाळ्यात ती न्यूमोनियाने गेली.

तेरावं झाल्यावर मी मंडळात सगळं सांगितलं, अगदी जिन्यातल्या खोट्यासकट. मग पेटीवर बसणारीने विचारलं, "ताई, ते शब्द म्हणा की. उतरवून घेते."

तिने वहीचं कोरं पान काढलं होतं. मी चाल गुणगुणले. पाहुण्यांचं आणि पाण्याचं, एवढा अर्थ सांगितला, तोही मराठीत. पुढे मला काही येत नव्हतं.